ताडोबाभोंवतालचा पट्टा

महोत्सवाच्या स्मारक अंकांत धर्मग्रामाच्या स्थापनेचा, मंदिराच्या बांधणीचा, शाळेचा व धर्मभगिनींच्या सेवेचा वृत्तांत यावयाचा, आणि तो इतर लेखकांनीं यथास्थित दिलाच आहे. संपादक मंडळानें मजकडे 'आपल्या भागाचा थोडा इतिहास' असें मोघम काम सोंपविलें. चांद्याचे गोंड राजे, त्यांचा परकोट, अंचलेश्वराचें देवालय यांवर जाणत्यांनीं पुष्कळ लिहिलें आहे. तेंच पुन्हां उगाळण्यापेक्षां, ज्या वादानें आपल्या परिसरांतील गांवें गेलीं पंधरा-वीस वर्षें अस्वस्थ आहेत, त्याचें मूळ शोधावें हें मला अधिक उपयुक्त वाटलें. जमीन कोणाची, हें तलाठ्याच्या दप्तरांत बहुधा लिहिलेलें असतें. वाद आहे तो अमुक जमीन कशासाठीं राखावयाची याचा: गुरांच्या चराईसाठीं, वाघासाठीं, कीं मौजेखातर येणाऱ्या पाहुण्यासाठीं, आणि हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याचा.

हल्लीं ज्यास क्षेत्र-नियोजन म्हणतात, तें आमच्या गांवांस सर्वस्वीं नवें आहे असें मात्र कोणी समजूं नये. जुन्या मध्यप्रांताच्या जमाबंदींत गांवोगांवचें वाजिब-उल-अर्ज तयार होत असे. त्यांत गांवचा रिवाज, वहिवाटीच्या वाटा, पाण्याचे व मासे धरण्याचे हक्क नोंदले जात. त्याच्याच जोडीचें निस्तार पत्रक. चराई कोणत्या तुकड्यांत, जळाऊ लांकूड कोठून आणावयाचें, गुरें एकत्र करण्याचें आखर कोठें, खळवाडी कोठें, स्मशान कोठें, ही सारी वांटणी त्या पत्रकांत असते. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमानें हे दोन्ही कागद विदर्भासाठीं कायम ठेविले, आणि पत्रकाचा मसुदा गांवांत प्रसिद्ध करून रहिवाशांची इच्छा विचारून मगच तें पक्कें करावें, असें त्यांत सांगितलें. हीं पत्रकें निर्दोष होतीं असें मी म्हणत नाहीं. मालगुजारी अमदानींत मालगुजाराचें वजन सर्वत्र पडे, आणि ज्याच्या दाराशीं गुरूं नाहीं त्याला आखराचा काय उपयोग? तरीपण जमिनीचा उपयोग तिच्यावर वावरणाऱ्या माणसास विचारून ठरवावा, ही कल्पना त्यांत होती, आणि ती कोणा परदेशी पंडिताच्या ग्रंथांतून आलेली नव्हती.

याच्या उलट रीत रानाच्या बाबतींत पडली. तिचें मूळ फार दूरचें आहे. इंग्रजींत अरण्यास जो 'फॉरेस्ट' शब्द आहे, तो लॅटिन 'फोरिस' म्हणजे 'बाहेर' या शब्दापासून आला असें व्युत्पत्तिकार मानतात. मध्ययुगीन इंग्लंडांत या शब्दाचा अर्थ झाडी असलेला प्रदेश एवढाच नव्हता. सामान्य कायद्याच्या कक्षेबाहेर काढून राजाच्या शिकारीसाठीं राखलेला मुलूख, असा होता. त्यांत शेतें येत, सबंध गांवेंही येत. हरणानें पीक खाल्लें तरी त्याला हात लावतां येत नसे. प्रजेचा असंतोष इतका वाढला कीं, १२१७ सालीं 'वनाची सनद' म्हणून निराळी सनद द्यावी लागली, व तींत चराईचे, डुकरें चारण्याचे, सरपणाचे हक्क लोकांना परत मिळाले. राजा तिसरा हेन्री तेव्हां अज्ञान होता. म्हणून सनदेवर शिक्के पडले ते राजप्रतिनिधि विल्यम मार्शल आणि पोपमहाशयांचे वकील कार्डिनल ग्वाला यांचे. 'मॅग्ना कार्टा' विद्यार्थ्यांना पाठ असते. तिच्या या गरीब धाकट्या बहिणीचें नांव क्वचितच कोणाच्या कानीं पडतें. सहाशें वर्षांनीं त्याच देशाच्या अंमलदारांनीं आमच्या रानाभोंवतीं सीमास्तंभ रोवले, तेव्हां ती सनद त्यांनीं बरोबर आणली नव्हती.

आतां ताडोबाकडे वळूं. हें नांव तारू या गोंड वीरावरून पडलें. वाघाशीं झुंजतां झुंजतां तो पडला, अशी कथा आहे. तळ्याच्या कांठीं मोठ्या वृक्षाखालीं त्याचें ठाणें असून पौषांत तेथें पिढ्यान्‌पिढ्या यात्रा भरत आली. तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर जुने दगडी खांब आहेत. राजाची स्वारी रानांत आल्याची वर्दी दोर व घंटा यांच्या साहाय्यानें पुढें पोंचावी म्हणून गोंड राजांनीं ते उभारले, असें सांगतात. ही आख्यायिका खरी असेल तर या रानांत मौजेसाठीं येणाऱ्या थोरांची सोय फार पूर्वींपासूनची आहे असें म्हणावें लागेल. पण राजाची स्वारी निघून गेली कीं रान पुन्हां मोहफुलें वेंचणाऱ्याचें होई.

१८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, आणि १८७९ सालीं ताडोबाचें रान राखीव ठरलें. त्यानंतर साहेबांच्या शिकारीचे दिवस आले. १९३५ सालीं येथें शिकारीस बंदी झाली. ही बंदी नसती तर आज वाद घालावयास वाघच उरला नसता, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. पुढें १९५५ सालीं सुमारें ११६ चौरस किलोमीटरचें राष्ट्रीय उद्यान जाहीर झालें. चांदा जिल्हा तेव्हां जुन्या मध्यप्रदेशांत होता व नागपूर त्याची राजधानी. महाराष्ट्र राज्य व्हावयास आणखी पांच वर्षें होतीं. तरी आजच्या महाराष्ट्राच्या हद्दींतील पहिलें राष्ट्रीय उद्यान हेंच होय. 'उद्यान' या शब्दावर मी पुष्कळदां विचार केला आहे. ज्याला गांवकरी जंगल म्हणत, त्याला सरकारी भाषेंत त्या दिवसापासून बागेचें नांव मिळालें. आणि बाग म्हटली कीं तींत फिरावयास येणारा आलाच.

१९८६ सालीं शेजारचें अंधारी अभयारण्य झालें, त्याचें क्षेत्र सुमारें ५०९ चौरस किलोमीटर. १९९५ सालीं दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बनला. २००६ सालीं वन्यजीव कायद्यांत सुधारणा झाली, आणि व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग कायद्यानें पडले. आंतला तो गाभा, म्हणजे माणसाचा वावर नसलेला भाग, आणि बाहेरचा तो बफर, म्हणजे माणूस व श्वापद यांनीं शेजार करून राहावयाचा भाग. या सुधारणेंत दोन वाक्यें फार मोलाचीं आहेत. गाभा ठरवितांना आदिवासी व इतर वननिवासी यांच्या हक्कांस बाध येतां कामा नये, हें एक. आणि बफरची मर्यादा ग्रामसभेच्या व तज्ज्ञ समितीच्या विचारानें ठरवावी, हें दुसरें. त्यानंतर ताडोबाचा गाभा २००७ सालीं जाहीर झाला, आणि २०१० सालीं त्याच्या भोंवतीं सुमारें ११०० चौरस किलोमीटरचा बफर आंखला गेला. त्यांत ऐंशीच्या आसपास गांवें आलीं. बफर म्हणजे आतां चराई बंद, सरपण बंद, उद्यां गांवही उठणार, अशी भीति त्या वेळीं गांवांगांवांतून पसरली. ती अगदींच निराधार नव्हती, कारण गाभ्यांतील बोटेझरी, नवेगांव, जामणी हीं गांवें उठत असलेलीं लोक डोळ्यांनीं पाहत होते. उठणाऱ्या कुटुंबास २००८ पासून दहा लाख रुपये व २०२१ पासून पंधरा लाख रुपये, अशी केंद्राची योजना आहे. पैसे घेऊन सुखी झालेलीं कुटुंबें आहेत, व दोन वर्षांत ते संपवून बसलेलींही असतात. देवस्थान, स्मशान आणि शेजार यांची किंमत त्या रकमेंत कशी धरावी, हें कोणत्याच पत्रकांत मला आढळलें नाहीं.

गांवें एका बाजूनें आवरत असतां दुसऱ्या बाजूनें नवी वस्ती वाढूं लागली. मोहर्ली, कोलारा या प्रवेशद्वारांलगत रिसॉर्ट उभीं राहिलीं. ज्या शिवारांत रानडुकरापासून धान राखतां राखतां शेतकरी मेटाकुटीस येई, तेथें पोहण्याचे हौद व हिरवळी झाल्या. पहांटे जिप्सी गाड्यांची रांग लागते. आगरझरीस फुलपाखरांचें उद्यान व साहसी खेळ आहेत. मौजेची ही वाढ कोठवर जाऊं द्यावयाची, हा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. २४ जुलै २०१२ रोजीं न्यायालयानें देशांतील सर्व व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यांतील पर्यटन तात्पुरतें बंद केलें. ऑक्टोबरांत केंद्राचीं नवीं मार्गदर्शक तत्त्वें निघालीं, व बंदी उठली. गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक भागांत पर्यटन नको, असा दंडक त्यांत घातला आहे. दिल्लींत हा निर्णय लागेपर्यंतचे ते अडीच-तीन महिने मोहर्लीच्या गाइडांस व गाडीवाल्यांस किती जड गेले असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी. वाघाच्या दर्शनावर पोट भरणारीं माणसें त्याच गांवांतलीं आहेत, आणि वाघाच्या हल्ल्यांत दरवर्षीं मरणारीं माणसेंही त्याच गांवांतलीं आहेत. पुष्कळदां एकाच घरांतलीं.

तिसरा वेढा २०१९ सालीं पडला. त्या वर्षीं केंद्र सरकारनें ताडोबाभोंवतालचें पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अंतिमतः अधिसूचित केलें. अशा क्षेत्रांचा नियम असा कीं, संरक्षित वनाच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आंत नवीं व्यापारी हॉटेलें वा रिसॉर्ट उभारावयाचीं नाहींत, खाणी व घातक कारखाने चालवावयाचे नाहींत, आणि राज्य सरकारनें स्थानिक लोकांच्या विचारानें सबंध क्षेत्राचा आराखडा करावयाचा. नियम चांगले आहेत. मसुद्यावर हरकती घेण्यास साठ दिवसांची मुदत असते. परंतु हा मसुदा प्रसिद्ध होतो तो भारताच्या राजपत्रांत, हिंदी व इंग्रजी भाषांत. मराठींत नव्हे, मग गोंडीची गोष्ट दूरच. हरकत घेण्याचा हक्क ज्याला आहे त्याला हरकतीची वस्तुच वाचतां येऊं नये, हें मला कोणत्याही न्यायशास्त्राच्या कसोटीवर उतरण्यासारखें वाटत नाहीं.

याचा अर्थ आमचे लोक वनाच्या रक्षणास विरोध करतात असा नाहीं. ताडोबाजवळ लोहारा येथें मोठी कोळसा खाण निघावयाची होती. तिला २००९ सालीं चंद्रपुरांत कडवा विरोध झाला, लोक उपोषणास बसले, आणि अखेर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें ती प्रक्रिया थांबविली. धुरानें व कोळशाच्या भुकटीनें काळवंडलेल्या या जिल्ह्यांत ही गोष्ट थोडी नव्हे.

आतां वाचकांस या अरण्यांतून एकदम समुद्रकांठीं नेतों, कारण तेथें हाच प्रश्न उघडपणें एका करमणुकीच्या उद्यानावरून उभा राहिला, आणि तेथील गांवें आपल्याच धर्मबांधवांचीं आहेत. मुंबईच्या वायव्येस धारावी बेट म्हणून भूभाग आहे. (झोपडवस्तीची धारावी ती निराळी.) गोराई, मनोरी, उत्तन, डोंगरी, पाली, चौक हीं त्यावरील गांवें. शेती, मिठागरें व मासेमारी हा त्यांचा परंपरागत धंदा. पोर्तुगीज अमदानीपासूनची ख्रिस्ती वस्ती तेथें आहे. १७३९ सालीं वसईच्या मोहिमेंत धारावीचा किल्ला मराठ्यांनीं घेतला, एवढा एक प्रसंग वगळला तर इतिहासानें या गांवांची फारशी दखल घेतली नाहीं. १९८९ सालीं गोराईस 'एस्सेलवर्ल्ड' हें करमणुकीचें उद्यान सुरू झालें. १९९८ सालीं त्यास पाण्याच्या खेळांची जोड मिळाली. मुंबईचीं मुलें बोटींत बसून त्या यांत्रिक पाळण्यांकडे जात, आणि कांहीं गांवकऱ्यांस त्यांत रोजगारही मिळाला. पण तिवरांची खाजणें व खाऱ्या जमिनी यांचें पुढें काय होणार, याविषयीं मच्छीमार व पर्यावरणवादी तक्रार करीत राहिले. १९९१ सालीं केंद्रानें सागर किनाऱ्याच्या नियमनाची अधिसूचना काढली. २०१८ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांची तोड हा नागरिकांच्या जीविताच्या हक्कावरच घाला आहे, असा निकाल दिला.

खरें संकट आलें तें पाळण्यांमागून. २००५ सालच्या विशेष आर्थिक क्षेत्राच्या कायद्यानंतर या सबंध टापूंत पर्यटनाचें विशेष क्षेत्र करण्याचा प्रस्ताव पुढें आला, आणि गोराईपासून उत्तनपर्यंतचीं गांवें खडबडून जागीं झालीं. सभा झाल्या, मोर्चे निघाले, आणि तो प्रस्ताव मागें पडला. पुढें या गांवांचें नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे देऊन तेथें पर्यटन व मनोरंजन यांस अग्रस्थान देणारी योजना निघाली, तेव्हां लोकांनीं पुन्हां हरकती घेतल्या. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. होड्या ओढून ठेवण्याची पुळण, जाळीं विणण्याची जागा, बोंबील सुकविण्याच्या वलांड्या, या सर्व जागा नकाशावर मोकळ्या दिसतात. आंखणाऱ्यास वाटतें, येथें कांहींच नाहीं. आमच्या आखराची व गायरानाची कथा याहून निराळी नाहीं. एस्सेलवर्ल्ड २०२२ सालीं बंद पडलें. ज्या मौजेसाठीं इतका वाद झाला ती मौज तेहेतीस वर्षें टिकली.

गोराईचे लोक आपल्याहून अधिक शिकलेले, न्यायालयें व वर्तमानपत्रें त्यांच्या हाकेच्या अंतरावर. एका बाबतींत मात्र त्यांची बाजू आपल्याहून दुबळी आहे. गोराई-मनोरी मुंबई महानगरपालिकेंत, आणि उत्तन मिरा-भाईंदरच्या महानगरपालिकेंत. जेथें ग्रामपंचायत नाहीं तेथें ग्रामसभा कोठून असणार? गांव म्हणून जमून, गांव म्हणून ठराव करण्याची जागाच कायद्यानें त्यांच्यासाठीं उरलेली नाहीं. हरकती घ्यावयाच्या त्या एकेकट्यानें.

आमच्या बोलींत 'पट्टा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. भोंवताली आंखलेला वेढा तो पट्टा, आणि जमिनीच्या हक्काचा कागद तोही पट्टा. इंग्रजींतील 'झोन' हा शब्दही मुळांत ग्रीक असून त्याचा अर्थ कमरपट्टा असाच आहे. दुसरा अर्थ मात्र त्याला नाहीं. ताडोबाभोंवतीं १८७९ पासून २०१९ पर्यंत जे पट्टे पडत गेले ते सर्व पहिल्या अर्थाचे. दुसऱ्या अर्थाचा पट्टा रानांतल्या माणसाच्या हातीं यावयास २००६ चा वनहक्क कायदा व्हावा लागला.

त्या कायद्याखालीं सामूहिक वनहक्काचा पट्टा देशांत प्रथम मिळविणाऱ्या गांवांत गडचिरोली जिल्ह्यांतील, धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) हें गांव येतें. २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर वनावर त्याचा हक्क मान्य झाला. तरी बांबू विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच. म्हणजे गाय दिली आणि दावें राखून ठेविलें. गांवानें हा मुद्दा सोडला नाहीं. २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनीं स्वतः मेंढ्यास येऊन, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या समक्ष, वाहतूक परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हवालीं केलें. हें गांव निर्णय घेतें तो बहुमतानें नव्हे, सर्वांच्या संमतीनें. एकाचीही अडचण असली तर विषय पुढच्या सभेवर जातो. ज्यांना ही रीत संथ वाटते त्यांनीं शासकीय आराखड्यांना किती वर्षें लागतात याचा हिशेब करून पाहावा.

गडचिरोलीचा बराचसा भाग अनुसूचित क्षेत्र असल्यामुळें तेथील ग्रामसभेस १९९६ च्या 'पेसा' कायद्याचा व त्याखालील २०१४ च्या राज्य नियमांचा आणखी आधार आहे. ताडोबाच्या बफरमधील बहुतेक गांवांस तो नाहीं. वनहक्क कायदा मात्र सर्वांस सारखा लागू आहे, व्याघ्र प्रकल्पांतही. पर्यटनाचा आराखडा तयार करणारे अधिकारी गांवांत येतील तेव्हां ग्रामसभेच्या हातीं वनहक्काचा दावा, त्याचा नकाशा व गांवचें निस्तार पत्रक असलें पाहिजे. आपल्या धर्मग्रामांतील जीं कुटुंबें बफरच्या गांवांत राहतात त्यांना मी हें पूर्वींही सांगितलें आहे, व येथें मुद्दाम पुन्हां लिहितों. तहसिलींत अर्ज करून त्या पत्रकाची नक्कल मिळवितां येते.

चंद्रपूर जिल्ह्यांतच गोंडपिपरी तालुक्यांत पाचगांव म्हणून लहानसें गांव आहे. २०१२ सालीं त्याला सुमारें १००० हेक्टर वनाचा पट्टा मिळाला. तेंदूपानें ही या भागांतील मजुरांची उन्हाळ्यांतली मोठी मिळकत. पण पानांसाठीं झाडें छाटावीं लागतात, रानाला आगी लागतात, आणि फळ धरत नाहीं; म्हणून पाचगांवच्या ग्रामसभेनें पानें तोडणेंच बंद केलें व टेंभरें खाऊं व विकूं लागले. बांबूच्या विक्रीवर गांव सांवरलें. त्यानंतर गांवानें बसून आपल्या वनांतील उत्तम झाडीचा सुमारें ३४ हेक्टरांचा तुकडा निराळा काढला, आणि देवराईसारखा तो राखून ठेवावयाचा, त्यांत स्वतः गांवानेंही हात लावावयाचा नाहीं, असा ठराव केला.